भीतीचा वाटा

चि हायच्या घरात मोजणी दोनापासून सुरू होई. पाच भावंडांत ती सर्वांत थोरली, पण तिला सगळे म्हणत ‘दुसरी ताई’. व्हिएतनामच्या दक्षिण भागात पहिल्या मुलाला पहिले म्हणत नाहीत. पहिल्यावर वाईट शक्तींचा डोळा असतो, म्हणून ती जागा रिकामी सोडायची आणि थोरल्यापासूनच दोन मोजायचे. ‘चि’ म्हणजे ताई आणि ‘हाय’ म्हणजे दोन. मी एका कंपनीची पगारपत्रके करणारी बाई. मी तिला म्हटले, यात एक आकडा फुकट जातो. ती म्हणाली, “फुकट जात नाही. तो भीतीसाठी ठेवलेला असतो.”

नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पमध्ये, मोठ्या विमानतळाजवळ, आमची घरे एकाच ओळीत भिंतीला भिंत लागून होती, बागांच्या मधे कमरेएवढे झुडपांचे कुंपण. तिची आठवडी बाजारात लुंपियाची, म्हणजे तळलेल्या व्हिएतनामी सुरळ्यांची गाडी होती. नवरा वारलेला, मुलगा देशाच्या दक्षिणेकडच्या बेस्ट नावाच्या गावी नोकरीला. बाजार नसेल त्या दिवशी ती दुसरे काम करी. व्हिएतनामहून युरोप पाहायला येऊ इच्छिणाऱ्या लोकांची व्हिसाची फाइल ती लावून देई, आणि प्रवासात पैसे कसे आणायचे, किती आणायचे, कुठे ठेवायचे तेही ठरवून देई. पाटी नव्हती, कार्यालय नव्हते. स्वयंपाकघरातले टेबल, त्यावर मेणकापड, आणि कागद ठेवायच्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा. म्हाताऱ्यांकडून ती काही घेत नसे. तरुणांकडून दोन किलो कोळंबीचे पैसे घेई. कोळंबी महागली की तिचा दरही वाढे.

प्लास्टिकच्या पिशव्यांचे कारण तिने एकदा सांगितले. चौदाव्या वर्षी ती बोटीतून देश सोडून निघाली होती. समुद्रात एका डच मालवाहू जहाजाने त्यांना उचलले. तिचा दाखला आईने प्लास्टिकमध्ये गुंडाळून पोटाला बांधला होता. धाकट्या भावाचा खिशात होता, तो भिजून लगदा झाला. पुढे छावणीत तिचे काम चार महिन्यांत झाले आणि भाऊ दोन वर्षे तिथेच अडकून पडला. “कागद भिजला की कोरड्या जमिनीवरही माणूस बुडतो,” ती म्हणे, आणि हे ती कुठल्याही नाटकाशिवाय, पिशवीचे तोंड बंद करता करता म्हणे.

माझी तिची खरी ओळख झाली ती माझ्या सासूसासऱ्यांच्या व्हिसामुळे. मी अनुक्रमणिका लावून, रंगीत चिठ्ठ्या चिकटवून फाइल केली होती. बॅंकेच्या उताऱ्यावर शिल्लक कमी दिसू नये म्हणून अविनाशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, वडिलांच्या खात्यात आठवड्यापूर्वी चार लाख रुपये टाकले होते. चि हायने फाइल चाळली आणि म्हणाली, फार सुंदर आहे, घाबरलेल्या माणसाची दिसते. मग त्या चार लाखांवर बोट ठेवून तिने जे सांगितले ते मी आजही प्रत्येकाला सांगते. “पैसा खात्यात राहत असला पाहिजे, एम. हा पाहुणा आहे. साहेबाला पाहुणा लगेच ओळखू येतो.” ‘एम’ म्हणजे धाकटी. ती मला कधी नावाने हाक मारत नसे. आम्ही ते चार लाख परत काढले, सासऱ्यांच्या पेन्शनचे दोन वर्षांचे साधे उतारे जोडले, आणि व्हिसा मिळाला.

पैशांचे ती तीन वाटे करायला लावी. पहिला खर्चाचा. दुसरा परतीचा, म्हणजे काहीही झाले तरी घरी पोचण्यापुरता. तिसरा भीतीचा. हा तिसरा वाटा कुठल्याही यादीत नसे. तो वेगळ्या पाकिटात, अंगावर, शक्यतो बायकोच्या अंगावर ठेवायचा आणि त्याबद्दल बोलायचे नाही. लोक म्हणत, एवढे कशाला, दहाच दिवसांची तर सहल. ती म्हणे, दहा दिवसांची सहल असते आणि अकराव्या दिवसाची भीती असते, तिचेही जेवणखाण पाहावे लागते. एका तरुण जोडप्याने तिसऱ्या वाट्यातून पॅरिसला पर्स घेतली, तेव्हा तिने त्यांना रागावून काही म्हटले नाही. फक्त पुढच्या वर्षी त्यांची फाइल घेतली नाही.

दोन हजार वीसच्या मार्चच्या सुरुवातीला तिच्याकडे एक म्हातारे जोडपे राहायला आले. मेकाँग नदीकाठच्या एका शहरातले गणिताचे निवृत्त शिक्षक आणि त्यांची बायको. तिच्या माहेरचे लांबचे नातेवाईक. मी त्यांना मास्तर आणि मास्तरीणबाई म्हणू लागले. मास्तर लहानपणी फ्रेंच शाळेत शिकलेले, म्हणून ते मला मादाम म्हणत; आमचे बोलणे मोडक्यातोडक्या इंग्रजीत चाले. ट्यूलिपची शेते पाहायची हे मास्तरीणबाईंचे स्वप्न होते, आणि त्या स्वप्नासाठी चि हायने त्यांना दीड वर्ष राबवले होते. त्यांची पुंजी सगळी सोन्यात, तांदळाच्या डब्यात. सोने व्हिसाच्या साहेबाला दिसत नाही. ते मोडून बॅंकेच्या बचतपुस्तकात ठेवायला लावले, आणि तिथे ते वर्षभर ‘राहायला’ लावले. सोने मोडले त्या दिवशी मास्तरीणबाई नवऱ्याशी बोलल्या नाहीत म्हणे, आणि पुढेही आठवडाभर नाही. मला हे समजावून सांगावे लागले नाही.

इथे यजमानाला हमीपत्र द्यावे लागते. नगरपालिकेत, म्हणजे खेमेंटमध्ये जाऊन खिडकीसमोर सही करायची असते, की या पाहुण्यांचा खर्च अंगावर आला तर तो मी देईन. मी सासूसासऱ्यांसाठी ती सही केली तेव्हा मला तो एक सोपस्कार वाटला होता. चि हायने मास्तरांसाठी सही केली त्या दिवशी ती घरी येऊन हात धुऊन स्वस्थ बसून राहिली. मी विचारले तर म्हणाली, “मी आत्ता माझं घर लिहून दिलं. कोणी विचारलं नाही, पण दिलं.”

मार्चच्या मध्यावर सगळे बंद झाले. शाळा बंद, बाजार बंद, तिची गाडी बंद. आमच्या डोक्यावरून दर दोन मिनिटांनी विमान जायचे, ते थांबले. विमानतळाची एक धावपट्टी उभ्या विमानांनी भरून गेली. तेरा वर्षांची माझी मुलगी ईरा डचमध्ये म्हणाली, किती शांत आहे, मला आवडतं. मला ती शांतता अजिबात आवडली नाही. दुकानात पिठाची कपाटे रिकामी होती. सांगलीला आईबाबा, इथे आम्ही, मधे काहीच उडत नव्हते. मग मास्तरांचे परतीचे विमान रद्द झाल्याचा निरोप आला आणि त्यांच्या देशाने बाहेरून येणारी विमानेच थांबवली.

आता तीन मुदती अंगावर येत होत्या. व्हिसाची, विम्याची आणि पैशांची. चि हायने त्या मेणकापडावर खडूने लिहून ठेवल्या. व्हिसाची मुदतवाढ फोनवर मागता येत होती, पण फोन लागत नव्हता. ती सकाळी आठला फोन लावून बसे आणि कानाशी ते वाट पाहायला लावणारे संगीत घेऊनच भाजी चिरे. विमा एकोणतीस तारखेला संपणार होता. सव्वीसला ती फोनवर होती, रांगेत तिचा नंबर जवळ आला होता, म्हणून तिने मला कुंपणावरून खुणावले की विम्याची मुदतवाढ तू कॉम्प्युटरवर करून टाक, मास्तरांना तुझ्याकडे पाठवते.

मास्तर आमच्या पुढच्या बागेत आले. आत येणे शक्य नव्हते. मी खिडकीशी लॅपटॉप घेऊन बसले आणि ते बाहेर दीड मीटरवर, कोट घालून, वर्गात उभे राहावे तसे उभे राहिले. आम्ही दोघेही आकड्यांची माणसे. मी प्रश्न विचारी, ते उत्तर देत, मी ते मोठ्याने पुन्हा म्हणे, ते मान हलवत. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला थोडे बरे वाटले. पॉलिसी क्रमांक बरोबर, नावांची अक्षरे बरोबर. मास्तरांची जन्मतारीख झाली. मग मास्तरीणबाईंची.

मास्तरांनी पुटपुटत हिशेब सुरू केला. त्यांनी डोळे मिटून अंगठ्याने बोटांची पेरे मोजली, अगदी माझी आजी तिथी काढताना मोजायची तशी. मग त्यांनी एकोणीसशे एकोणपन्नासच्या ऑगस्टमधली एक तारीख सांगितली. मी पुन्हा म्हटली. त्यांनी मान हलवली. कॉम्प्युटरने वय सत्तर धरले आणि हप्ता एकशे अठरा युरोंचा दोनशे तीन झाला. मी तो भरला, आणि खरे सांगते, भरताना मला समाधान वाटले की जास्त बसला तर बसला, पण चोख काम झाले.

चि हायचा एक नियम होता, जो तिने मला निदान वीस वेळा ऐकवला होता. जन्मतारीख माणसाला विचारायची नाही, पासपोर्टाला विचारायची. तिच्या पिढीच्या आणि त्याआधीच्या लोकांचे दाखले युद्धात जळलेले, पुरात वाहून गेलेले. नंतर कुणा कारकुनाने एक जानेवारी लिहून टाकलेली. मला तर हे कळायलाच हवे होते. माझ्या बाबांची शाळेतली तारीख एक जून आहे आणि ते जन्मले आहेत मार्गशीर्षात. पण त्या दिवशी समोर एक प्रामाणिक माणूस उभा होता, आणि मीही स्वतःला प्रामाणिक समजत होते. बऱ्याच महिन्यांनी मास्तर मला फोनवर म्हणाले की एरवी ते पासपोर्टावरचीच तारीख सांगत. पण जगात मरण फिरत असताना बायकोचे खोटे वय सांगणे त्यांना अपशकुनी वाटले.

एप्रिलच्या मध्यावर मास्तरीणबाईंना ताप आला. दुसऱ्या दिवशी खोकला, तिसऱ्या दिवशी जिना चढताना त्या मधेच बसल्या. मास्तर म्हणत होते की थोडे थांबू, आले आणि लिंबू देऊ, परक्या देशातल्या दवाखान्यात गेलेले माणूस परत दिसत नाही. चि हायने त्यांचे ऐकून घेतले आणि हाउसआर्ट्सला, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरला, फोन लावला. फोन करताना ती मास्तरांना पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगत होती, की विमा आहे, काळजी करू नका, विमा आहे. विमा हा शब्द ती डचमध्येच म्हणे; कुंपणापलीकडे उभी राहून मी तो ऐकत होते आणि माझीही मान हलत होती.

रुग्णवाहिका आली. पांढऱ्या प्लास्टिकच्या कपड्यांतली दोन माणसे उतरली, त्यांचे चेहरे दिसत नव्हते. मास्तरांना बरोबर जाऊ दिले नाही. ते हातात छोटी पिशवी घेऊन दारात उभे होते. पिशवीत चपला, कंगवा आणि लोणच्याची बाटली. चि हायने एका माणसाच्या हातात कागदांची पिशवी दिली. तो म्हणाला, आत्ता याची गरज नाही. ती म्हणाली, “तुम्हाला नसेल. तिला आहे. तिला तुमची भाषा येत नाही, तिच्या वतीने हे बोलेल.” त्याने ती घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे वाळत घालत होते. चि हाय कुंपणाशी आली आणि म्हणाली, विमावाले म्हणतात अशी बाई त्यांच्याकडे नाही. नाव आहे, पण जन्मतारीख जुळत नाही. हॉस्पिटलच्या कागदावर पासपोर्टाची तारीख आहे, एकावन्नची एक जानेवारी. माझ्या हातात ईराचा ओला शर्ट होता, तो मी तसाच पिळत राहिले. चि हाय माझ्याकडे पाहत नव्हती. ती कुंपणाची वाळलेली पाने काढत होती. “कंपन्या चुका करतात,” ती म्हणाली, आणि आत गेली.

मी घरात येऊन पॉलिसीचा कागद उघडला. माझ्याच हाताने भरलेली तारीख. मी लॅपटॉप बंद केला आणि कोणाला काही बोलले नाही. अविनाशलासुद्धा नाही.

पुढच्या अकरा दिवसांबद्दल लिहिताना मला बरे वाटत नाही. मी माणूस म्हणून वाईट नाही असे मला वाटत होते. कंपनीत कोणाचा पगार चार सेंटने चुकला तर मी स्वतःहून पत्र पाठवते. पण हे चार सेंट नव्हते. हॉस्पिटलचा एक दिवस साधारण किती युरोंचा, हे मी शोधून काढले, आणि दिवसांनी गुणले. अतिदक्षता विभागात नेले तर किती, हेही काढले, आणि मग मला स्वतःची लाज वाटली. पलीकडे एक बाई श्वासासाठी झगडत होती आणि मी गुणाकार करत होते. चि हायचे घर, माझे घर, ईराचे शिक्षण. मी कपडे घरात वाळत घालू लागले. कुंपणाच्या बाजूचा पडदा लावून ठेवला.

हॉस्पिटलमधून रोज दुपारी एक फोन येई. तो चि हाय घेई, आणि मास्तर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून तिच्या तोंडाकडे पाहत. भिंतीपलीकडून मला तिचा आवाज ऐकू येई. ती डचमध्ये प्रश्न विचारी आणि मग व्हिएतनामीत काहीतरी सांगे, आणि मला शब्द कळत नसले तरी एवढे कळे, की ऐकलेल्यापेक्षा सांगितलेले नेहमी लांब असे. ती भर घालत होती. सहाव्या दिवशी मात्र ते दोन्ही सारख्याच लांबीचे होते. प्राणवायूची नळी काढली होती. नवव्या दिवशी मास्तरीणबाई घरी आल्या. गाडीतून उतरताना त्यांनी माझ्या लावलेल्या पडद्याकडे पाहून हात केला. त्यांना काय माहीत. मी पडद्याआडून हात केला, जो कोणाला दिसला नाही.

अकराव्या दिवशी मी गेले. चि हाय मागच्या अंगणात बुटक्या स्टुलावर बसून कोथिंबीर निवडत होती. मी कुंपणाशी उभी राहून सगळे एका दमात सांगितले. तारीख कोणी भरली, हप्ता कसा वाढला आणि मला कसा संशय आला नाही, आणि मग मी कशी गप्प राहिले. सांगून झाल्यावर ती म्हणाली, “माहीत आहे. पहिल्याच दिवशी पॉलिसी पाहिली मी, आणि तारीख चुकल्याचं कंपनीला कळवलंही.”

मी विचारले, मग मला का नाही बोललीस?

“एका बिलाला दोघींनी कशाला घाबरायचं? एक पुरते.” तिने एक पिवळे पान काढून टाकले. “पण आता तू बोललीस. आता दोघी घाबरू. हे घे, अर्धी जुडी निवड.”

तिने जुडी कुंपणावर ठेवली आणि मागे सरकली. मी ती उचलली. मी रडत होते आणि निवडत होते. ती म्हणाली, देठ फार मोठे ठेवतेस तू.

मग आम्ही फाइल केली. एकोणपन्नासची बाई आणि एकावन्नची बाई एकच, हे सिद्ध करायचे होते. मास्तरांच्या घरचा जुना कुटुंबाचा दाखला, आपल्या रेशनकार्डासारखा, त्याचे फोटो एका भाच्याकडून मागवले. मास्तरीणबाई रेड्याच्या वर्षी, म्हणजे त्यांच्या बारा प्राण्यांच्या पंचांगाप्रमाणे एकोणपन्नासला, जन्मल्या असे त्यांच्या लग्नाच्या कागदावर होते. तो कागदही मागवला, त्याचे भाषांतर करून घेतले. मास्तरांना यातले काहीच सांगितले नाही. विचारले तर ती म्हणे, विमानाच्या यादीसाठी लागते. एका संध्याकाळी तिने मला बजावले, “त्यांना कळता कामा नये. शिक्षक आहे तो. पेन्शन विकेल, उरलेलं सोनं विकेल, आणि मग त्या आजारी बाईला रोज सांगेल की तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे. ती त्यातच मरेल.” मी कबूल केले.

मेच्या अखेरीस वकिलातीने सोय केलेल्या विमानात दोघांना जागा मिळाली. तिकिटे नेहमीच्या दुपटीहून महाग होती. मास्तरीणबाईंनी अंगावरच्या जाकिटाची शिवण उसवून तिसरे पाकीट काढले आणि पैसे पुरले. वर चाळीस युरो उरले. विमानतळावर पासपोर्टाच्या खिडकीपर्यंत आम्हाला जाता येत नव्हते. चि हाय काचेबाहेर उभी होती. तो अधिकारी व्हिसाचे पान आणि मुदतवाढीचे पत्र पुन्हा पुन्हा पाहत होता, आणि चि हायचा अंगठा तिच्या बोटांच्या पेरांवरून दिवस मोजत फिरत होता. मीही मोजत होते. आमचे दोघींचे उत्तर बरोबर होते हे आम्हाला माहीत होते, तरी शिक्का पडेपर्यंत आम्ही मोजत राहिलो. मास्तरांनी मागे वळून मला उद्देशून वाकून नमस्कार केला. मला तो घेववेना.

विमा कंपनीचे उत्तर ऑगस्टमध्ये आले. चूक कळवली त्या दिवसापासूनचा खर्च ते देणार होते, आधीच्या तीन दिवसांचा नाही. एकूण बिल सतरा हजार चारशे साठ. त्यांतले अकरा हजार चाळीस कंपनीचे, उरलेले सहा हजार चारशे वीस हमीदाराचे. चि हायने पत्र दोनदा वाचले, तिसऱ्यांदा मला मोठ्याने वाचायला लावले, आणि मग दाराच्या पायरीवर बसली. तिने मला सांगितले की मे महिन्यातच तिने एका दलालाला बोलावून घराची किंमत काढून घेतली होती. मुलालाही सांगितले नव्हते. घर गेले तर बेस्टला मुलाकडे जाऊन राहायचे, पण तिथे बाजारात लुंपियाच्या दोन गाड्या आधीच आहेत, त्यांतल्या एका बाईच्या हाताखाली काम मागायचे, इथपर्यंत तिने ठरवले होते.

मी म्हटले, सगळे सहा हजार चारशे वीस मी देते, चूक माझी आहे. ती नको म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, “अर्धे घेईन. सगळे तू दिलेस तर मला पाहून तू रस्ता बदलशील. काहीच नाही घेतलं तरी बदलशील. अर्ध्यात आपण शेजारी राहू.”

तीन हजार दोनशे दहा. मी अविनाशला सगळे सांगितले. तो म्हणाला, यंदा तसेही भारतात जाणे होत नाही, तिकिटांचे पैसे आहेत. त्या महिन्यातच मी ते तिला दिले. तिने पावती लिहून दिली आणि पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली.

पुढच्या हिवाळ्यात चि हाय गेली. साथीने नाही. बाजार पुन्हा भरू लागला होता. एका सकाळी गाडीचे झाकण उघडताना ती खाली बसली ती उठलीच नाही. हृदय. इतकी वर्षे ती ज्या ज्या गोष्टींची तयारी ठेवून होती त्यांत ही नव्हती, किंवा असेल आणि आम्हाला माहीत नसेल. तिच्या कपाटात तिच्या मुलाला सगळे कागद नीट लावलेले सापडले. एक फाइल अर्धवट होती, एका परिचारिकेची, जिला आल्प्सचा बर्फ पाहायचा होता. विमाने सुरू झाली की पाठवायची म्हणून ठेवलेली.

अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती. खुर्च्या एकमेकींपासून लांब लांब. मुलाने एका स्टँडवर फोन लावला होता, त्यात मास्तर आणि मास्तरीणबाई दिसत होते. तिकडे दुपार होती. मास्तर तोच कोट घालून तासभर उभे होते. मास्तरीणबाई खुर्चीवर बसून नैवेद्यासाठी पपनस सोलत होत्या. त्या जाड झाल्या होत्या. मी विधीकडे कमी आणि त्यांच्या हातांकडे जास्त पाहत होते.

शेवटी मुलाने फोन माझ्या हातात दिला. त्यांना तुमच्याशी बोलायचंय, म्हणाला. मास्तर जवळ आले. आधी त्यांनी माझ्या आईबाबांची चौकशी केली. मग म्हणाले, “मादाम, मला एक आकडा हवा आहे. ती असताना विचारायचं धाडस झालं नाही.”

भाच्याकडून लग्नाचा कागद मागवल्याचे त्यांना घरी गेल्यावर कळले होते. विमानाच्या यादीला लग्नाचा कागद कशाला? त्यांनी बरेच महिने विचार केला आणि त्या बागेतल्या दिवसापर्यंत ते मागे पोचले. ते चांगले शिक्षक असणार. त्यांनी मांडीवर वही घेतली होती, हातात पेन्सिल होती.

“मी सांगितलेल्या तारखेमुळे तिचे किती गेले?”

तीस वर्षे आकड्यांचे काम करते आहे. जाणूनबुजून चुकीचा आकडा मी कधी कोणाला दिलेला नाही.

“काही नाही,” मी म्हटले. “विम्याने सगळं दिलं. शून्य.”

“तुम्ही स्वतः तपासलंत?”

“दोनदा.”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. मीही त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी वहीत शून्य लिहिले, हिशेब संपला की मारतात तशा त्याखाली दोन रेघा मारल्या, आणि वही बायकोकडे वळवली. मास्तरीणबाईंनी चष्मा पुसून ते पाहिले आणि पपनसाची एक फोड नवऱ्याच्या हातावर ठेवली.